दक्षिण अमेरिकेचा भूगोल अभ्यासताना या चुका टाळा

भूरूपे, हवामान, नैसर्गिक संपत्ती. खंडाच्या धड्यात ही तीन शीर्षकं ओळीने येतात आणि मुलं ती तशीच ओळीने पाठ करतात. अँडीजची लांबी सुमारे ७,००० किलोमीटर, ॲमेझॉन ६,४०० किलोमीटर, चिलीत तांबं, व्हेनेझुएलात तेल. पाठांतर चोख असतं. पण 'भौगोलिक कारणे द्या' असा प्रश्न आला की हे तीन रकाने एकमेकांना जोडता येत नाहीत, आणि मग कुठलंही कारण कुठल्याही विधानापुढे लिहिलं जातं. तिन्ही गोष्टी जोडायला शिकायचं असेल तर दक्षिण अमेरिकेसारखा दुसरा खंड नाही. डोंगर, वारा, समुद्राचं पाणी आणि जमिनीखालचं धन यांची साखळी तिथे इतकी उघड दिसते की एक कडी सुटली तरी उत्तर लगेच कोलमडतं.

गोव्यातल्या विद्यार्थ्याला हा खंड जवळचा वाटायला हवा. आपल्याकडेही किनाऱ्याला समांतर डोंगररांग आहे, जांभा आहे, लोहखनिज आहे, आणि काजू तर थेट तिकडूनच आलेला. गंमत अशी की बऱ्याच चुका या जवळिकीतूनच होतात. आपल्या घाटाचं उत्तर उचलून अँडीजला चिकटवलं जातं. वारा कुठून येतो, तो कशावरून येतो, खाली खडक कोणता, माणसाने तिथे काय केलं, हे प्रश्न आपल्याला सह्याद्रीने शिकवले आहेत. ते प्रश्न सोबत न्या. उत्तरं मात्र तिथे जाऊनच शोधायची.

अक्षांश पाहून हवामान सांगून टाकणं

पणजी विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण साडेपंधरा अंशांवर आहे. पेरूची राजधानी लिमा दक्षिणेला बारा अंशांवर. दोन्ही शहरं पश्चिम किनाऱ्यावर, दोन्हींच्या पाठीशी डोंगर. त्यामुळे लिमाचं हवामान 'उष्ण, दमट, भरपूर पाऊस' असं लिहिणारे दरवर्षी भेटतात. पणजीत वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. लिमात २० मिलिमीटरही नाही. कोटीच्या घरात वस्ती असलेलं शहर वाळवंटात उभं आहे आणि समोर अथांग पॅसिफिक.

हे सांगितलं की वर्गात कुणीतरी विचारतंच, "टीचर, समुद्र दारात असून पाऊस कसा नाही?"

प्रश्न अगदी नेमका आहे. पाऊस पडायला हवेत नुसता ओलावा असून भागत नाही, ती हवा वर चढून थंड व्हायला लागते. पेरूच्या किनाऱ्याने हम्बोल्ट प्रवाह दक्षिणेकडचं गार पाणी आणतो. शिवाय किनाऱ्यालगतचे वारे वरचं पाणी बाहेर समुद्राकडे लोटतात, तेव्हा त्याच्या जागी खोलातलं आणखी गार पाणी वर येतं. त्या पाण्याला टेकलेली हवा खालून गारठते. गार हवा जड, तिच्या डोक्यावर उबदार हवेचा थर, त्यामुळे ती वर चढतच नाही. ढग होतात, पण बसके आणि पातळ. आपल्याकडे धो धो पाऊस असतो त्या जून ते सप्टेंबरच्या काळात लिमावर करडं आभाळ टेकलेलं असतं, दवासारखी भुरभुर होते, रस्ता ओलसर दिसतो, पण पागोळ्या काही गळत नाहीत. टेकड्यांवरच्या वस्त्यांत लोक बारीक विणीच्या उभ्या जाळ्या लावतात. धुकं त्यांना अडतं, थेंब जाळीवरून खाली पन्हळीत ओघळतात आणि पिंपात साठतात. शहराला पाणी मिळतं ते अँडीजमधून येणाऱ्या रिमाक नदीचं. तेही पुरत नाही, म्हणून डोंगराच्या पलीकडच्या उतारावरचं पाणी बोगद्यांतून इकडे वळवलेलं आहे.

इथे पेन खाली ठेवलंत तर उत्तर अर्धंच राहिलं. कारण जे गार पाणी पाऊस अडवतं, तेच पाणी खोलातली पोषक द्रव्यं वर आणतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यावर अँचोव्ही नावाची छोटी मासळी, आणि त्या मासळीवर समुद्रपक्ष्यांचे प्रचंड थवे. पेरूची ही मासेमारी जगातल्या सर्वांत मोठ्या मासेमारींपैकी एक. पक्ष्यांची विष्ठा किनाऱ्याजवळच्या बेटांवर शतकानुशतकं साचत गेली आणि पाऊस नसल्याने ती धुऊन गेली नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपच्या शेतांना खत म्हणून हीच ग्वानो जहाजं भरभरून जायची आणि पेरूची तिजोरी तिच्यावर चालायची. थोडं दक्षिणेला अटाकामात नायट्रेटचे साठे टिकले तेही कोरडेपणामुळेच. पाण्यात सहज विरघळणारं हे खनिज पावसाळी मुलखात जमिनीवर उरलंच नसतं. त्या साठ्यांवरून १८७९ साली चिली एका बाजूला आणि बोलिव्हिया-पेरू दुसऱ्या बाजूला असं युद्ध पेटलं. बोलिव्हियाचा किनारा त्यात गेला आणि तो देश आजही समुद्राविना आहे. गार पाण्यापासून देशाच्या सीमेपर्यंत एकच साखळी. 'हवामान' आणि 'संपत्ती' हे वेगळे रकाने मानले की ती हाती लागत नाही.

खोलातलं पाणी वर येण्याचा हा प्रकार आपल्याला अगदी परका नाही. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालाही पोषक पाणी वर येतं आणि तारल्यांची पैदास त्यावरच पोसली जाते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद ठेवण्यामागे मासळीला वाढायला उसंत मिळावी हाच विचार आहे. आपल्याकडे हे वर येणं काही महिन्यांचं असतं, पेरूत जवळजवळ वर्षभर चालतं.

याच पाण्याशी जोडलेली आणखी एक चूक वर्तमानपत्रांतही दिसते. काही वर्षांच्या अंतराने पेरूचा हा समुद्र तापतो, मासळी गायब होते आणि उत्तरेच्या वाळवंटी किनाऱ्यावर पूर येतात. हाच एल निनो. तो आला की भारतात दुष्काळ ठरलेला, असं समीकरण पाठ करू नका. मान्सून दुबळा पडण्याची शक्यता वाढते हे खरं. पण १९९७ साली विसाव्या शतकातला एक अतिशय बलवान एल निनो असताना भारतात सरासरीइतका, किंबहुना किंचित जास्तच पाऊस झाला होता.

अँडीजला सह्याद्री समजणं

सगळ्यांत जास्त गुण इथे जातात. जुलैत चोर्ला घाट चढताना गाडीचे वायपर थांबत नाहीत, आणि बेळगाव मागे टाकून पूर्वेला निघालं की पाऊस झपाट्याने विरत जातो. पश्चिम उतार ओला, पूर्वेकडे पर्जन्यछाया. हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की अँडीजच्या आडव्या छेदातही डावीकडे ढग आणि उजवीकडे ऊन काढलं जातं.

डोंगर स्वतः पाऊस आणत नाही. समोरून आलेल्या ओल्या हवेला तो वर चढवतो, एवढंच त्याचं काम. म्हणून आधी विचारायचं ते वाऱ्याबद्दल. उष्ण कटिबंधात दक्षिण अमेरिकेवर व्यापारी वारे पूर्वेकडून, अटलांटिकवरून येतात. ॲमेझॉनच्या सपाट खोऱ्यात त्यांना अडवायला काही नाही. उलट वाटेतलं जंगल पडलेल्या पावसाचा मोठा वाटा पानांवाटे पुन्हा हवेत सोडतं, त्यामुळे दोन-तीन हजार किलोमीटर आत जाऊनही हवा ओलीच राहते. ती अँडीजच्या पूर्व उताराला धडकते आणि पेरू-बोलिव्हियाचा पूर्व उतार भिजून चिंब होतो. पश्चिमेला उरतं ते अटाकामा. तिथल्या आरिका बंदराची पावसाची वर्षाची सरासरी १ मिलिमीटरच्याही आत भरते. पर्जन्यछाया आणि गार प्रवाह अशी दुहेरी मार आहे ती. उत्तरात यांतलं एकच कारण लिहिलं की गुण अर्धे.

आता दक्षिणेकडे सरका. साधारण चाळीस अंशांच्या आसपास वाऱ्याची दिशाच उलटलेली असते. तिथे पश्चिमी वारे पॅसिफिकवरून येतात, चिलीचा दक्षिण भाग हिरवागार भिजतो, आणि अर्जेंटिनातलं पॅटागोनिया कोरडं पडतं. तिथल्या बऱ्याच भागात वर्षाचा पाऊस २०० मिलिमीटरच्या आसपास. इथे मात्र सह्याद्रीचं सूत्र तंतोतंत लागू पडतं. आणि वर अगदी उत्तरेला, कोलंबियाच्या चोको प्रदेशात, पॅसिफिकचं पाणी उबदार आहे आणि वारे समुद्रावरून आत येतात. तिथे किब्दोसारख्या ठिकाणी वर्षाला ७,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे पणजीच्या दुपटीहून अधिक, आणि तोही डोंगराच्या पश्चिमेला. रांग एकच. उत्तर तुम्ही नकाशावर बोट कुठे ठेवता त्यावर अवलंबून.

अँडीज वारा नुसता अडवत नाही, वळवतोही. ॲमेझॉनवरून आलेली ओली हवा त्या भिंतीला लागून दक्षिणेकडे वळते आणि पाराना नदीच्या खोऱ्यात, आग्नेय ब्राझीलमध्ये, पार अर्जेंटिनाच्या उत्तर भागापर्यंत पाऊस पुरवते. ॲमेझॉनचं जंगल तुटलं की त्याची काळजी साओ पावलोच्या शेतकऱ्यालाही का वाटते, याचं उत्तर या वळणात आहे.

सह्याद्रीशी तुलना करायचीच असेल तर अँडीज सोडा आणि ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्यावरचा सेरा दो मार हा कडा घ्या. किनाऱ्यालगत अरुंद पट्टी, मग एकदम उभा चढ, वर पठार, ही सगळी ठेवण आपलीच. त्या कड्याजवळ समुद्रापासून पंचवीस किलोमीटरांच्या आत उगम पावणारी तिएते नदी समुद्राकडे पाठ फिरवून आतल्या पठारावर हजारेक किलोमीटर वाहते, जशी महाबळेश्वरची कृष्णा पूर्वेला निघून जाते. असा कडा असला की बंदर आणि पठार यांच्यात रेल्वे हीच किल्ली ठरते. सांतोस बंदरातून कडा चढून साओ पावलोमार्गे जाणारी रेल्वे १८६७ साली सुरू झाली आणि पठारावरच्या कॉफीला समुद्र मिळाला. मुरगाव बंदरातून दूधसागरजवळून कॅसलरॉककडे चढणारा आपला लोहमार्ग १८८०च्या दशकातला. ही तुलना पेपरात कुणी लिहिली तर परीक्षकाला आनंद होईल.

नकाशातला हिरवा रंग म्हणजे झाडी

प्राकृतिक नकाशात हिरवा रंग सखल जमीन दाखवतो, तपकिरी उंच जमीन. झाडांशी त्याचा काही संबंध नाही. दक्षिण अमेरिकेत ही चूक लपून राहते, कारण ॲमेझॉनचं खोरं सखलही आहे आणि घनदाटही. पण पेरूची वाळवंटी किनारपट्टीसुद्धा त्याच नकाशात हिरवी असते. शंका आली तर गोव्याचा नकाशा उघडा. हिरव्या पट्ट्यात शेतं, खाजनं (खाडीकाठची बांध घातलेली सखल शेतं) आणि शहरं आहेत. मोले आणि म्हादईची अभयारण्यं आहेत ती तपकिरी बाजूला.

नकाशाचा प्रकारही पाहून घ्या. मर्केटर प्रक्षेपणात ग्रीनलंड दक्षिण अमेरिकेच्या तोडीस तोड दिसतं. प्रत्यक्षात दक्षिण अमेरिका सुमारे १ कोटी ७८ लाख चौरस किलोमीटर, ग्रीनलंड २२ लाखांच्याही आत.

घनदाट जंगल पाहून जमीन सुपीक ठरवणं

ही चूक जांभ्यावर वाढलेल्या माणसाने तरी करू नये. आपल्या सड्यांवर पावसाळ्यात किती हिरवळ आणि रानफुलं उगवतात! तिथे कुदळ मारून पाहा. चार बोटांवर दगड लागतो. शतकानुशतकं कोसळणाऱ्या पावसाने मातीतली विद्राव्य पोषक द्रव्यं धुऊन नेलेली असतात, मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरतं. ॲमेझॉनच्या बऱ्याचशा मातीची हीच कथा आहे. तिथलं धन मातीत नसून झाडांत आणि गळून पडलेल्या पानांत असतं. पान पडतं, उष्ण-दमट हवेत चटकन कुजतं, आणि पृष्ठभागालगतची मुळं ते लगेच शोषून घेतात. झाडं तोडून जाळली की राखेमुळे दोन-तीन हंगाम पीक येतं, मग जमीन हात टेकते. खोऱ्यात काही ठिकाणी काळीभोर सुपीक माती सापडते, पण ती तिथल्या प्राचीन रहिवाशांनी कोळसा, हाडं, खरकटं मिसळून घडवलेली आहे. तिला निसर्गाच्या खात्यात टाकू नका.

याच्या उलट अर्जेंटिनाचं पंपास. झाडं जवळपास नाहीत, नुसतं गवत. पण मध्यम पाऊस, वाऱ्याने आणलेली बारीक माती आणि गवताच्या मुळांनी वर्षानुवर्षं कुजून दिलेला सेंद्रिय अंश यांमुळे ती जगातल्या उत्तम शेतजमिनींत मोजली जाते.

'खडकावरून माती ठरते' हे विधानही अर्धवट आहे, आणि त्याची परीक्षा आपल्या दारात घेता येते. दख्खनचा बेसॉल्ट सत्तरीच्या ईशान्य कडेपर्यंत येतो. घाटावरच्या मुसळधार पावसात त्याचा जांभा होतो; पूर्वेला पाऊस कमी झाला की त्याच खडकाची काळी, कापसाची माती होते. ब्राझीलमध्ये पाराना नदीच्या खोऱ्यातही असाच अफाट लाव्हा पसरलेला आहे, दख्खनच्या लाव्ह्याहून सुमारे दुप्पट जुना. तिथल्या हवामानात त्याची खोल, लालसर, चांगल्या निचऱ्याची माती झाली आणि साओ पावलो-पाराना भागातली कॉफी तिच्यावर फोफावली. खडक तोच, पाऊस वेगळा, माती वेगळी, पीक वेगळं.

विषुववृत्तावर गरम, जुलैत पावसाळा

किटो हे एक्वाडोरचं राजधानीचं शहर जवळजवळ विषुववृत्तावर आहे आणि बाराही महिने तिथलं सरासरी तापमान १४ अंशांच्या आसपास असतं. उंची २,८५० मीटर, एवढंच कारण. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश, हा हिशेब डोक्यात पक्का ठेवा. आपल्याकडे तो जाणवत नाही, कारण गोव्यातलं सर्वांत उंच शिखर हजार मीटरच्या थोडंच वर जातं. अँडीजमध्ये मात्र एकाच उतारावर खाली केळी, मध्ये कॉफी, वर मका, त्याहून वर बटाटा आणि शेवटी लामांची कुरणं असे थर लागतात. म्हणून तिथला प्रदेश सांगताना अक्षांशाच्या आधी उंची लिहावी.

त्या उंचीवरच्या बटाट्याकडे जरा थांबून पाहण्यासारखं आहे. टिटिकाका सरोवराच्या आसपासच्या पठारावर, ३,८०० मीटरच्या वर, जून-जुलैत रात्री पाणी गोठतं आणि दिवसा लख्ख, कोरडं ऊन पडतं. शेतकरी लहान बटाटे गवतावर पसरून ठेवतात. रात्री ते गोठतात, दिवसा सैल पडतात. काही रात्रींनंतर त्यांचे ढीग करून घरातली माणसं अनवाणी पायांनी ते तुडवतात. पाणी निथळतं, सालं सुटतात. मग उन्हात वाळवले की हलके, खडखडीत 'चुन्यो' तयार होतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. कडाक्याची थंडी आणि कडक ऊन एकाच दिवसात मिळणं ही त्या भागाची अडचण आहे, तशीच भांडवलही. मे महिन्यात पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, सुकी मासळी, मिरच्या आणि सोलं भरून ठेवणाऱ्या घरांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

महिन्यांची गफलत थोडक्यात: खंडाचा बहुतेक भाग दक्षिण गोलार्धात आहे, त्यामुळे ब्वेनोस आयरेसच्या तापमानाचा आलेख जुलैत खाली जातो. तो चुकून उलटा छापलेला नाही. मध्य चिलीत पाऊस जून ते ऑगस्टमध्येच पडतो, पण तिथे तो हिवाळा असतो. कोरड्या उन्हाळ्यात द्राक्षं पिकतात, आणि उत्तर गोलार्धात फळांचा तुटवडा असताना चिलीची फळं बाजारात येतात.

देशाच्या नावाला प्रदेश समजणं

'ब्राझील म्हणजे ॲमेझॉन' हे वाक्य बहुतेक उत्तरांत सापडतं. ब्राझीलच्या ईशान्येला काटिंगा नावाचा निमवाळवंटी मुलूख आहे, काटेरी झुडपांचा, पावसाचा भरवसा नसलेला. १८७७ ते १८७९च्या दुष्काळात तिथे लाखो माणसं दगावली. मध्य भागात सेरादो हा गवताळ-झुडपी पठारी प्रदेश, पश्चिमेला पांतानालची विस्तीर्ण पाणथळ, दक्षिणेला हिवाळ्यात दहिवर पडणारी पठारं. उलट ॲमेझॉनचं खोरं ब्राझीलबाहेर पेरू, कोलंबिया, बोलिव्हिया अशा अनेक देशांत पसरलेलं आहे. पेरूचं इकितोस शहर याच खोऱ्यात, समुद्रापासून नदीमार्गे साडेतीन हजार किलोमीटरांहून दूर, तरी उंची जेमतेम शंभर मीटर. इतक्या सपाटीमुळे जहाजं तिथवर जातात. रस्त्याने मात्र ते उरलेल्या देशाशी आजही जोडलेलं नाही. 'पेरू' म्हटल्यावर लिमा आणि इकितोस या दोघांना एकाच वाक्यात बसवता येत नाही, ते यामुळे.

काजूचं मूळ घर ईशान्य ब्राझीलमध्ये आहे, भुसभुशीत किनारी आणि कोरड्या मुलखात. हा मुद्दा गोव्यातल्या प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावा, कारण त्यावरून उरलेलं आपोआप उलगडतं. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तो इकडे आणला. हलकी माती आणि काही महिने पाणी नसणं हे त्या झाडाला पिढ्यान् पिढ्या माहीत होतं, म्हणून भात किंवा कुळागर जिथे होऊ शकत नाही अशा जांभ्याच्या डोंगरउतारावर तो रुजला. मार्च-एप्रिलच्या कडक उन्हात बोंडू पिकतात ते त्याच सवयीने. 'ब्राझीलचं झाड, म्हणजे ओल्या जंगलातलं' असं समजलात तर गोव्याच्या डोंगरावर ते कसं जगलं याचं कारण देताच येणार नाही.

खनिज आहे, म्हणजे प्रदेश श्रीमंत

पोटोसीपासून सुरुवात करा. आजच्या बोलिव्हियात, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० मीटरवर, १५४५ साली चांदीचा डोंगर स्पॅनिश लोकांच्या हाती लागला. पुढची शंभरेक वर्षं तिथली चांदी युरोपात आणि तिथून आशियात जात राहिली. खाणीत सक्तीने उतरवलेले स्थानिक लोक मरत राहिले. बोलिव्हिया आज खंडातल्या गरीब देशांत गणला जातो. व्हेनेझुएलाकडे ३०० अब्ज पिंपांहून जास्त सिद्ध तेलसाठे आहेत, जगात सर्वाधिक. त्यातला मोठा भाग ओरिनोको पट्ट्यातलं जड, दाट तेल, जे काढायला आणि शुद्ध करायला जास्त भांडवल आणि कौशल्य लागतं. साठा आणि उत्पन्न यांच्यात खाण, वाहतूक, तंत्र, बाजार, कायदा आणि राज्यकर्ते एवढं सगळं उभं असतं.

गोव्याचं लोहखनिज याचं फार बोलकं उदाहरण आहे आणि ते वापरायला लाजू नका. ब्राझीलच्या काराजासमध्ये लोहाचं प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपास, आपलं त्याहून बरंच हलकं. तरी डिचोली, सत्तरी, सांगे, केप्याचं खनिज जपानला आणि नंतर चीनला गेलं. का? काराजासहून बंदरापर्यंत सुमारे ९०० किलोमीटरांची रेल्वे बांधावी लागली, ती १९८५ साली सुरू झाली. आपल्याकडे मांडवी आणि जुवारी खाणींच्या जवळून वाहतात, बार्जमध्ये भरलं की काही तासांत मुरगावला. नद्यांनी खनिजाची उणीव भरून काढली. चीनची मागणी वाढली तेव्हा हलक्या खनिजालाही भाव आला. आणि २०१२ साली खाणी थांबल्या, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, तेव्हा डोंगरातलं खनिज कुठे गेलं नव्हतं. ट्रक दारात उभे राहिले, गॅरेजं ओस पडली, हप्ते मात्र चालू होते. खाणीलगतच्या शेतांत साचलेला गाळ आणि खालावलेल्या विहिरी हाही त्याच हिशेबाचा भाग आहे, आणि उत्तरात तो यायलाच हवा.

संपत्ती काळानुसार बदलते हेही बहुतेक जण विसरतात. १९१३ साली जर्मनीत हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याचा कारखाना सुरू झाला, आणि पुढच्या काही दशकांत अटाकामाच्या नायट्रेटची सद्दी संपली. खाणगावं ओस पडली. त्याच कोरड्या पट्ट्यातल्या मिठागरांखालचं लिथियम आज बॅटरीसाठी सगळ्या जगाला हवं आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या कुठल्याच पाठ्यपुस्तकात त्याला संपत्ती म्हटलं नसतं.

सगळं निसर्गावर ढकलणं

'उष्ण हवामानामुळे तिथले लोक आळशी असतात' असं वाक्य आजही उत्तरपत्रिकांत येतं. ते चूक आहे आणि अपमानकारकही. ते लिहू नका, कुणी शिकवलं असेल तर विसरा. सेरादोचं उदाहरण समोर ठेवा. आम्लधर्मी, ॲल्युमिनियमने भरलेली ती माती शेतीला निरुपयोगी मानली जायची. १९७३ साली स्थापन झालेल्या ब्राझीलच्या सरकारी कृषी संशोधन संस्थेने तिथे चुन्याचा मारा आणि त्या हवामानाला मानवणारे सोयाबीनचे वाण यांवर काम केलं. आज ब्राझील जगातला सर्वांत मोठा सोयाबीन उत्पादक आहे. त्यापायी सेरादोचा मोठा भाग नांगराखाली गेला, हेही तितकंच खरं. आपल्या खाजन शेतीतही भरतीच्या खाऱ्या पाण्याला बांध आणि मानशी (पाणी अडवणारी-सोडणारी दारं) घालूनच भात पिकवला गेला. बांध फुटून दुरुस्त झाला नाही की काही हंगामांत तिथे खारफुटी येते. निसर्ग मर्यादा आखतो, त्या मर्यादेत काय घडेल ते माणसांच्या हातात असतं.

उत्तर जुळत नसेल तर

एक कोरा कागद घ्या आणि दक्षिण अमेरिकेचा लिमापासून सॅल्व्हादोरपर्यंत आडवा छेद काढा, साधारण बारा-तेरा अंश दक्षिण अक्षांशावर. अंतर चार हजार किलोमीटरांच्या आसपास. डावीकडून सुरुवात: गार समुद्र, वाळवंटी पट्टी, अँडीजचा चढ, उंच पठारं, मग चिंब भिजणारा पूर्व उतार, ॲमेझॉनच्या खोऱ्याचा दक्षिण भाग, मध्य ब्राझीलचं पठार, साओ फ्रान्सिस्को नदीचं कोरडं खोरं, आणि शेवटी पुन्हा भरपूर पावसाचा अटलांटिक किनारा. अक्षांश सगळीकडे जवळजवळ सारखा, तरी इतके प्रदेश.

आता त्यावर आधी वाऱ्याचे बाण काढा, मग समुद्राच्या पाण्याचं तापमान लिहा, मग उंची, मग खडक आणि माती, आणि सर्वांत शेवटी पिकं, खनिजं, शहरं. क्रम मोडू नका. बहुतेक चुका होतात त्या शहर किंवा खनिज आधी लिहून मागाहून कारण शोधल्यामुळे. एखादा प्रदेश जुळला नाही, उदाहरणार्थ साओ फ्रान्सिस्कोचं खोरं किनाऱ्याच्या इतकं जवळ असून कोरडं कसं, तर पुन्हा बाणांकडे जा: पूर्वेकडून येणारी हवा किनारी डोंगरांवर आणि शापादा दियामांतिनाच्या उंचवट्यावर बराचसा पाऊस टाकून मगच आत पोहोचते. हा छेद पक्का झाला की दुसरा चाळीस अंशांवर काढा, चिलीच्या वाल्दिव्हियाच्या आसपासपासून अर्जेंटिनाच्या बाहिया ब्लांकापर्यंत. तिथे बाण डावीकडून उजवीकडे येतील, आणि पहिल्या कागदावरची उत्तरं तिथे चालणार नाहीत.